एक मिलिमीटरची धमनी: तुटलेलं बोट जोडताना रक्तवाहिनी कशी शिवायची

प्लास्टिक किंवा हँड सर्जरी शिकणाऱ्या रेसिडेंट मुलामुलींसाठी हे लिहितोय, पण ज्यांच्या घरात किंवा कारखान्यात असा अपघात झालाय त्यांनी वाचलं तरी चालेल, आत ओटीमध्ये आठ-आठ तास नेमकं काय चाललेलं असतं ते तरी कळेल. हाड, टेंडन (मसलला हाडाशी जोडणारी दोरी), नर्व्ह (संवेदनेची नस) या सगळ्यावर मी इथे पळत जाणार आहे, कारण बोट जगणार की काळं पडणार हे ठरतं एकाच ठिकाणी, ते म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर जाडीच्या आर्टरीच्या (बोटात रक्त आणणारी धमनी) आणि तिच्याहून पातळ व्हेनच्या (रक्त परत नेणारी शीर) टाक्यांवर. आणि त्या टाक्यांचं यशसुद्धा खरं सांगायचं तर सुई हातात घ्यायच्या आधीच ठरलेलं असतं, कात्री हातात असताना. हे मला कळायला वेळ लागला, तुम्हाला लवकर कळावं एवढीच इच्छा.

सुरुवात पेशंटवर नाही, कोंबडीवर. पहिला आठवडा नुसता ग्लोव्हचा रबर ताणून लावायचा, त्याला चीर पाडायची आणि मायक्रोस्कोपखाली ८-० च्या धाग्याने शिवायचं, मग ९-०, मग १०-०, आकडा वाढतो तसा धागा बारीक होतो. हात बसला की चिकनवाल्याकडून मांडीसकट अख्खी तंगडी आणायची, कातडी न काढता, आणि त्याला सांगायचं की सुरा मारू नको, तशीच दे. मांडीच्या मागच्या बाजूने मसल्स बोटाने वेगळे केले की पांढऱ्या दोरीसारखी जाड नर्व्ह दिसते, तिला चिकटूनच आर्टरी आणि व्हेन असतात, वरती जाड आणि खाली जाताना बारीक होत जातात. ती कापा, शिवा, शिवलेला भाग परत कापून उभा चिरून आतून बघा की टाके कसे पडलेत, मागची भिंत धरली गेलीय का. ही आतून बघायची सवय फार मोलाची आहे कारण पेशंटमध्ये ती संधी मिळत नाही. उंदरावर ट्रेनिंग मिळत असेल तर उत्तमच, त्याची मांडीची आर्टरी साधारण माणसाच्या बोटातल्या आर्टरीएवढीच असते आणि त्यात खरं रक्त वाहतं, पण रोजच्या सरावाला चिकन शॉप कधीही बरं.

आता केस आली असं धरू. कॅज्युअल्टीमधून फोन येतो, प्रेसमध्ये नाहीतर कडबाकुट्टीत हात गेलाय, बोट सोबत आणलंय. पहिला प्रश्न फोनवरच विचारायचा, बोट कशात ठेवलंय? बरोबर पद्धत अशी की बोट सलाईनने ओल्या केलेल्या आणि पिळलेल्या गॉजमध्ये गुंडाळायचं, ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचं आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या दुसऱ्या पिशवीत किंवा डब्यात ठेवायची. थेट बर्फात टाकलेलं बोट गोठतं, आतलं अस्तर खराब होतं आणि मग कितीही सुंदर शिवा, आत गुठळी होते. नुसत्या पाण्यात बुडवून आणलेलं बोट फुगून येतं. हळद भरून आणलेलं पण मी पाहिलंय, त्यात कोणाची चूक नाही, घरच्यांना जे माहिती ते त्यांनी केलं, पण मायक्रोस्कोपखाली पिवळ्या चिखलात नर्व्ह कुठली आणि आर्टरी कुठली ते ओळखताना जीव जातो. बोटात मसल नसतो म्हणून आपल्याला हात किंवा दंडाच्या मानाने जास्त वेळ मिळतो, गार न ठेवता साधारण १२ तास आणि नीट गार ठेवलं तर २४ तासांच्या आसपास, पण म्हणून रमतगमत जायचं नाही.

सगळी बोटं जोडायची नसतात हेही इथेच सांगतो. अंगठा असेल, एकापेक्षा जास्त बोटं असतील, लहान मूल असेल तर जवळपास नेहमी प्रयत्न करायचा. मोठ्या माणसाचं एकच बोट पहिल्या पेरावर तुटलंय, त्यातून चिरडून, तर ते जगलं तरी ताठ राहून बाकीच्या हाताच्या आड येतं, आणि रोजंदारीवरच्या माणसाचे त्यात कित्येक महिने जातात, म्हणून नातेवाईकांशी बसून शांतपणे बोलायचं. घाईघाईत सह्या घेऊन मोकळं होऊ नका.

पेशंटला हात बधिर करायचा ब्लॉक देणं, एक्स-रे, रक्त पाठवणं चालू असताना एकाने बोट घेऊन ओटीत बॅक टेबलवर बसायचं, वेळ वाचतो. बोटाच्या दोन्ही बाजूंनी मधोमध उभी चीर घ्यायची आणि पुस्तक उघडावं तशी कातडी उलगडायची. आधी नर्व्ह शोधा, ती पांढरी असते, आडव्या बारीक पट्ट्या चमकतात, सापडायला सोपी. आर्टरी तिच्या मागे, म्हणजे बोटाच्या पाठीकडच्या अंगाला असते. तळहातात हे उलटं असतं, तिथे आर्टरी वर आणि नर्व्ह खाली, म्हणून तुटलं कुठे आहे ते बघून शोधायला जा. सापडली की लगेच बारीक टाक्याने किंवा क्लिपने खूण करून ठेवा, तासाभराने त्या सगळ्या लाल-करड्या पसाऱ्यात परत शोधायला लागलं तर डोकं फिरतं. अंगठ्यात, तर्जनीत आणि मधल्या बोटात सहसा करंगळीकडची आर्टरी मोठी असते आणि अनामिका-करंगळीत अंगठ्याकडची, म्हणून तिकडे आधी बघायचं. व्हेन पाठीच्या कातडीखाली असतात पण रिकाम्या असल्यामुळे चपट्या होऊन बसतात, दोन-तीन सापडल्या तर खुणा करा, नाही सापडल्या तर घाबरू नका, आर्टरी चालू झाली की त्या स्वतः रक्त सोडून जागा दाखवतात.

बोट हातात आहे तोवरच दोन गोष्टी बघून घ्या. एक म्हणजे बोटाच्या बाजूने नर्व्ह-आर्टरीच्या रेषेत कातडीखाली लाल-जांभळी रेघ दिसतेय का, आणि दुसरं, आर्टरी कुरळ्या रिबनसारखी वळ्यावळ्यांची झालीय का. दोन्हींचा अर्थ एकच, बोट कापलं गेलेलं नाही, ओढून तुटलंय, आणि आर्टरी आतून लांबपर्यंत फाटलीय. अंगठी अडकून तुटलेल्या बोटात हे हमखास दिसतं. मग व्हेन ग्राफ्ट, म्हणजे खराब आर्टरीच्या जागी जोडायला दुसरीकडून काढलेला व्हेनचा तुकडा, लागणार हे मनाशी आत्ताच पक्कं करा आणि कोपराच्या पुढचा हात किंवा मनगट अँटिसेप्टिकने पेंट करून ठेवायला सांगा.

हाड. इथे कंजूषपणा करू नका, ५ ते १० मिलिमीटर हाड कमी करा आणि के-वायरने, म्हणजे धातूच्या बारीक तारेने, फिक्स करा. हाड छोटं केलं की आर्टरी, व्हेन, नर्व्ह, कातडी सगळ्यांना जागा मिळते, ताण जातो. सांध्याजवळ असेल तर कोणत्या बाजूचं किती घ्यायचं याचा विचार करा, तुटलेल्या बोटाकडचं घेतलं तर पुढे बोट जगलं नाही तरी मागचा भाग लांब राहतो. हाडानंतर वरचं टेंडन, मग खालचं, आणि मग मायक्रोस्कोप ओढायचा. आर्टरी आधी की व्हेन आधी यावर प्रत्येक डिपार्टमेंटचं वेगळं मत असतं, मी आर्टरी आधी करतो, कारण व्हेन सापडतात आणि बोट लवकर गुलाबी होतं, पण मग रक्त वाहत राहतं त्यात व्हेन शिवायची तयारी हवी.

आता कात्रीची गोष्ट.

मायक्रोस्कोप २५ पटीवर न्या आणि आर्टरीच्या तोंडात बघा. चांगली आर्टरी आतून गुळगुळीत आणि चकचकीत असते, भिंतीचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. खराब असेल तर आतमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे लोंबतात, अस्तर भिंतीपासून सुटून आत गोळा झालेलं असतं, बारीक गुठळ्या चिकटलेल्या असतात किंवा भिंतीत गोवरासारखे लाल ठिपके दिसतात. यातलं काहीही दिसलं तर कापा. धारदार सरळ मायक्रो कात्रीने, एका झटक्यात, काटकोनात. परत बघा. परत दिसलं, परत कापा. हाताकडच्या टोकाला अजून एक परीक्षा आहे, टूर्निके (रक्त थांबवायला हाताला आवळलेला पट्टा) सोडून क्लॅम्प (आर्टरीला लावलेला बारीक चाप) काढला की रक्ताची धार जोरात, ठोक्याठोक्याने उडाली पाहिजे. नुसतं झिरपतंय, ओघळतंय तर ती आर्टरी अजून खराब आहे किंवा आकसलीय, कोमट सलाईन घाला, आकसलेली आर्टरी सैल करणारं लिग्नोकेन किंवा पापाव्हरिन टाका, पाच-दहा मिनिटं थांबा, तरी धार नाही तर अजून कापा. धार न उडणाऱ्या आर्टरीला शिवायचं नाही, म्हणजे नाहीच.

हे मी इतकं ठासून का सांगतोय तर रेसिडेन्सीत पॉवर प्रेसची एक केस होती, तर्जनी आणि मधलं बोट, पहाटेचे तीन वाजलेले आणि तर्जनीच्या आर्टरीचा शेवटचा दोन मिलिमीटर भाग मला ठीकसा वाटत नव्हता, थोडासा जांभळट होता, पण तो कापला तर टोकं भिडणार नव्हती आणि ग्राफ्ट म्हणजे अजून एक तास. मी तो ठेवला. टाके सुंदर पडले, क्लॅम्प काढला आणि मिनिटभरात बोट गुलाबी झालं, सिस्टरनेसुद्धा बघून छान म्हटलं. तीन तासांनी बोट पांढरं, गार. परत आत नेलं तर गुठळी बरोबर त्याच दोन मिलिमीटरमध्ये बसलेली होती, माझ्या टाक्यांवर नाही, त्याच्या अलीकडे. तेव्हा ग्राफ्ट घातला पण उशीर झाला होता, तर्जनी गेली, मधलं बोट राहिलं. त्या माणसाने डिस्चार्जच्या दिवशी माझेच आभार मानले, ते मला अजून सहन होत नाही. तेव्हापासून माझ्या ओटीत नियम आहे की शंका आली की कापायचं आणि ग्राफ्ट घ्यायचा, त्यावर चर्चा नाही.

ग्राफ्ट कसा घ्यायचा तर मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला कातडीखाली बारीक व्हेन असतात, बोटाच्या आर्टरीला मापाने बऱ्यापैकी जुळतात. हवी त्याहून जरा लांब घ्या, कारण काढली की आकसते. काढायच्या आधीच एका टोकाला खूण करा, कारण व्हेनमध्ये झडपा असतात आणि आर्टरीत लावताना ती उलटी करावी लागते, म्हणजे व्हेनचं बोटाकडचं टोक आता दंडाकडे येणार. ही खूण विसरलात तर रक्त झडपेशी अडतं आणि मग सगळं परत. बारीक फांद्या बांधून किंवा बायपोलरने (विजेच्या चिमट्याने) बंद करा, पण मुख्य भिंतीपासून लांबून.

आता शिवणं. मायक्रोस्कोपची उंची आणि खुर्ची आधी नीट लावा, पाठ वाकवून पाच तास बसता येत नाही. दोन्ही कोपरं, मनगटं, करंगळीची कड टेबलवर टेकलेली पाहिजेत, हालचाल फक्त अंगठा आणि पहिल्या दोन बोटांची. हात थरथरत असेल तर तो बहुतेक वेळा कुठेतरी अधांतरी असतो, खाली टॉवेलची घडी घाला. उपकरणं पेनासारखी धरायची. नीडल होल्डरला लॉक नको, लॉक सोडताना सुई हलते आणि भिंत फाटते.

आर्टरीच्या टोकावरची बाहेरची मऊ जाळी, ॲडव्हेंटिशिया, ती चिमट्याने पुढे ओढून टोकाच्या रेषेत कापा, मग ती आपोआप मागे सरकते आणि एक-दीड मिलिमीटर कड स्वच्छ दिसते. ही जाळी आत गेली तर तिच्यावर गुठळी जमते, म्हणून कड स्वच्छ पाहिजेच, पण अख्खी आर्टरी सोलत बसू नका, भिंत कमजोर होते. तोंड हेपरीन-सलाईनने (हेपरीन म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध) धुवा, मी १ मिलीला १०० युनिटचं वापरतो, बोथट सुईने हळूच. मग डायलेटरची, म्हणजे तोंड रुंद करायच्या बारीक चिमट्याची, टोकं आत घालून अलगद उघडा, एकदाच. आणि एक नियम मायक्रोच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत, चिमट्याने आतलं अस्तर कधीही पकडायचं नाही. धरायचं ते बाहेरच्या जाळीला. चिमट्याचं एक टोक आत घालून आधार देता येतो, पण दोन्ही टोकांनी भिंत चिमटली तर तिथे अस्तर मेलं समजा.

दोन क्लॅम्पच्या फ्रेममध्ये टोकं धरून जवळ आणा, खाली निळ्या ग्लोव्हचा तुकडा सरकवा, त्याच्यावर धागा दिसतो. इथे ताणाची परीक्षा करा, फ्रेमच्या जोरावर नाही तर एका १०-० च्या गाठीवर टोकं भिडून राहिली पाहिजेत. गाठ बांधताना धागा तुटतोय किंवा भिंत कापली जातेय तर ताण जास्त आहे, ग्राफ्ट घ्या. १०-० म्हणजे केसाहूनही बारीक नायलॉन, त्याच्यात एवढाच जोर असतो, आणि तो तुटला तर तो आपल्याला काहीतरी सांगतोय असं समजायचं. बोटाच्या टोकाकडे, शेवटच्या पेरात, ११-० लागतो.

पहिले दोन टाके एकमेकांसमोर, घड्याळात ९ आणि ३ वर, किंवा १२० अंशाच्या अंतराने घातले तर मागची भिंत जरा लोंबत राहते आणि पुढच्या टाक्यात अडकत नाही. टोकं तीन बिंदूंवर ताणून शिवायची मूळ कल्पना ॲलेक्सिस कॅरेल यांची, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, आणि रक्तवाहिन्या शिवण्याच्या कामासाठी त्यांना १९१२ चं नोबेल मिळालं. पण त्यांच्या रक्तवाहिन्या मोठ्या होत्या. एवढ्या बारीक नळ्या शिवायचं दार उघडलं ते १९६० मध्ये जेकबसन आणि सुआरेझ यांनी ऑपरेटिंग मायक्रोस्कोप वापरला तेव्हा, आणि त्यानंतर पाचच वर्षांत, २७ जुलै १९६५ ला, जपानमध्ये नारा इथे कोमात्सु आणि तामाई यांनी पूर्ण तुटलेला अंगठा जोडून जगवला. आपण आज जे करतो ते त्याच रांगेतलं आहे.

सुई भिंतीत काटकोनात शिरली पाहिजे, तिरकी नाही. कडेपासूनचं अंतर भिंतीच्या जाडीच्या दीड-दोन पट, व्हेनला त्याहून थोडं जास्त. सुई तिच्या गोलाईनेच फिरवून बाहेर काढा, सरळ ओढली की छिद्र मोठं होतं आणि तिथून गळतं. शक्य तर दोन्ही कडा एका फटक्यात घेऊ नका, एक कड घ्या, सुई आत दिसली का बघा, मग दुसरी. धागा ओढताना तो ज्या रेषेत गेलाय त्याच रेषेत ओढा आणि दुसऱ्या हाताच्या चिमट्याने भिंतीला टेकू द्या. गाठ तीन फेऱ्यांची, पहिली फेरी कडा नुसत्या एकमेकींना टेकतील एवढीच. आवळली की कडा आत वळतात किंवा भिंत कापली जाते. धाग्याचं शेपूट २ मिलिमीटरपर्यंत ठेवा, पुढच्या टाक्याला तेच धरून आर्टरी फिरवता येते.

एक मिलिमीटरच्या आर्टरीला साधारण ६ ते ८ टाके पुरतात. मुलं गळतीच्या भीतीने १२-१४ टाके घालतात, प्रत्येक टाका म्हणजे आत अजून एक जखम, तेव्हा कमी पण नेमके. पुढची भिंत झाली की फ्रेम उलटा करा, आत हेपरीन-सलाईनची पिचकारी मारून तोंड फुगवा आणि पुढचे टाके आतून बघा, कोणता टाका मागच्या भिंतीत तर गेलेला नाही ना. मग मागची भिंत. शेवटचे दोन टाके घाला पण बांधू नका, दोन्ही लूप मोकळे ठेवून आत एकदा शेवटचं धुवा आणि बघा, मग बांधा. शेवटचा टाका डोळे झाकून घातला की मागची भिंत तिथेच पकडली जाते, बहुतेक चुका तिथेच होतात.

बोटात पुष्कळदा फ्रेम उलटा करायला जागाच नसते. मग मागची भिंत आधी शिवायची, सगळ्यात खोलचा टाका पहिला, मग त्याच्या एका बाजूचा, मग दुसऱ्या बाजूचा, असं वर येत यायचं, आर्टरी फिरवावीच लागत नाही. सुरुवातीला अवघड वाटतं पण कोंबडीवर हीच पद्धत जास्त घोटा, पेशंटवर हीच जास्त कामाला येते. ग्राफ्टमध्ये मापं जुळली नाहीत तर बारीक टोक थोडं जास्त डायलेट करा किंवा तिरकं कापा म्हणजे त्याचा घेर वाढतो.

क्लॅम्प काढायच्या आधी ॲनेस्थेटिस्टशी बोला. पेशंट उबदार आहे का, बीपी ठीक आहे का, सिस्टोलिक म्हणजे वरचा आकडा १०० च्या खाली असेल तर आधी ते वर आणा, आणि एसी बंद करायला सांगा. गारठलेल्या पेशंटची आर्टरी कितीही चांगली शिवली तरी आकसून बसते. मग बोटाकडचा क्लॅम्प आधी, हाताकडचा नंतर. थोडं गळेल, गळू द्या. ओलं गॉज हलक्या हाताने ठेवून चार-पाच मिनिटं थांबा, छोटी गळती आपोआप बंद होते. धार लागलीय तरच एक टाका घाला. लगेच बोट गुलाबी झालं नाही तरी बोटाला, आर्टरीला हात लावत बसू नका, कोमट सलाईन घाला आणि दहा-पंधरा मिनिटं खरोखर हात मांडीवर ठेवून बसा. हे सगळ्यात अवघड काम आहे.

रक्त जातंय का हे बघायला दोन चिमट्यांची परीक्षा आहे, टाक्यांच्या पुढच्या बाजूला दोन चिमटे शेजारी धरायचे, बोटाकडचा चिमटा सरकवून मधला भाग रिकामा करायचा आणि हाताकडचा सोडायचा, रिकामा भाग झटकन भरला तर चालू आहे. एकदाच करा, दर दोन मिनिटांनी केली तर त्याच चिमट्यांनी अस्तर खराब होतं. त्यापेक्षा बोटाचं टोक बघा, तिथे सुईने टोचल्यावर लालभडक थेंब आला की समाधान माना.

मग नर्व्ह, आणि मग व्हेन. एका आर्टरीला दोन व्हेन हे माप धरा, जमल्या तर जास्त. व्हेनची भिंत ओल्या सिगारेट पेपरसारखी चिकटून बसते, तोंडच सापडत नाही, तिच्यावर सलाईन साचवून ठेवा, पाण्यात ती आपोआप फुलून उघडते आणि मग शिवा. टाके आर्टरीपेक्षा कमी, ताण अजिबात नाही. लोक आर्टरीत जीव ओततात आणि व्हेनपर्यंत येईतो थकून जातात, सहा तास झालेले असतात, पण बोटं जितकी रक्त न आल्यामुळे जातात तितकीच रक्त बाहेर न पडल्यामुळे पण जातात. दोन सर्जन असतील तर इथे खुर्ची बदला, त्यात कमीपणा नाही. व्हेन मिळतच नसेल, अगदी टोकाच्या तुटीत मिळत नाहीच, तर नख काढून नखाखालच्या जागेवर हेपरीनचं गॉज ठेवतात आणि तिथून रक्त थेंब थेंब वाहू देतात, किंवा जळवा लावतात. जळू लावली तर सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक सोबत हवं कारण तिच्या पोटात एरोमोनास नावाचे जंतू असतात. आणि हिमोग्लोबिनवर लक्ष, काही दिवस असं रक्त गेलं की पेशंटला रक्त चढवावं लागू शकतं.

कातडी सैल शिवा. पाठीवरच्या बाजूला कातडी ओढून आणली तर खाली आपणच शिवलेल्या व्हेन दाबल्या जातात, त्यापेक्षा जागा उघडी ठेवा किंवा त्यावर पातळ स्किन ग्राफ्ट टाका. ड्रेसिंग गोल गोल घट्ट नको, बोटाचं टोक दिसलं पाहिजे, हात उंचावर.

वॉर्डात पहिले तीन दिवस जोखमीचे, त्यातही पहिले दोन. खोली उबदार, चहा-कॉफी बंद, आणि तंबाखू तर कोणत्याही रूपात नाही, बिडी-सिगारेट नाही, मळलेली नाही, आणि बायकांना मिश्रीचं वेगळं विचारा, ती तंबाखू आहे हे पुष्कळ जणींच्या गणतीतच नसतं. शेजारी बसणाऱ्या नातेवाईकालाही खोलीत ओढू देऊ नका. रात्रीच्या सिस्टरला दर तासाला काय बघायचं ते स्वतः उभं राहून शेजारच्या चांगल्या बोटाशी तुलना करून दाखवा. दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परत आला तर ठीक. पांढरं, गार, पिचकलेलं आणि रंग परत यायला वेळ लागतोय तर आर्टरी बंद होतेय. जांभळं, फुगलेलं आणि दाबून सोडलं की झटकन, जरा जास्तच लवकर भरतंय, टोचल्यावर काळपट रक्त येतंय, तर व्हेन बंद होतेय. टेम्परेचरची पट्टी लावली असेल तर ३० अंशांच्या खाली गेलं की फोन, किती वाजलेत ते न बघता. सिस्टरने उगाच उठवलं म्हणून तिला कधी बोलू नका, पुढच्या वेळी ती फोन करायच्या आधी दहा मिनिटं विचार करेल आणि ती दहा मिनिटं बोटाची असतात.

फोन आला की ओटीला कळवायच्या आधी एक गोष्ट स्वतः जाऊन करा. ड्रेसिंग बघा. रक्त सुकून पट्टी पत्र्यासारखी कडक झालेली असते आणि ती बोटाला आवळते. कोमट सलाईनने ती पूर्ण भिजवा, खालपर्यंत कापून मोकळी करा, घट्ट वाटणारे दोन-तीन टाके काढा, हाताची पोझिशन बदला, पेशंटला पांघरूण घाला. कधी कधी बोट डोळ्यांसमोर परत गुलाबी होतं. अर्ध्या-पाऊण तासात फरक पडला नाही तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री परत आत न्या, आणि या वेळी मायक्रोस्कोपखाली पहिल्यांदा कात्री घ्या.